वामन शिवराम आपटे : शिष्यवृत्तीचे ऋण फेडणारा कोशकार

संस्कृत विषय घेतलेल्या आपल्या महाविद्यालयातील प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातून एक जाडजूड ग्रंथ केव्हा ना केव्हा जातोच. एखाद्या श्लोकातील शब्द अडला की प्राध्यापक आपटे पाहण्यास सांगतात आणि आपण ग्रंथालयाच्या कपाटाकडे वळतो. 'आपटे' हे एखाद्या माणसाचे नाव नसून पुस्तकाचेच नाव असावे, इतके ते आपल्या तोंडी रुळले आहे. परंतु तो कोश ज्यांनी रचला ते वामन शिवराम आपटे अवघी चौतीस वर्षे जगले, बालपणीच पोरके झाले आणि दुसऱ्यांच्या आधारावर शिकले, ही हकीकत फार थोड्यांना ठाऊक असते.

या चरित्राची आठवण आज करावीशी वाटते याला कारण आहे. आपला गुलमंडी-औरंगपुऱ्याचा परिसर व्यापाराचा तसाच विद्येचाही आहे. निजामी राजवटीत, उर्दूचे प्राबल्य असताना, येथील लोकांनी १९१५ साली सरस्वती भुवन शाळा उभी केली. अशा शाळा केवळ इमारतींवर उभ्या राहत नाहत, त्या मुख्याध्यापकांच्या निष्ठेवर उभ्या राहतात. म्हणूनच जुन्या मुख्याध्यापकांच्या नावे काही रक्कम ठेव म्हणून ठेवावी आणि तिच्या व्याजातून हुशार विद्यार्थ्यास शिष्यवृत्ती द्यावी, ही प्रथा महाराष्ट्रात सर्वत्र रूढ झाली. ही प्रथा चांगलीच आहे. परंतु अशा शिष्यवृत्तीने नेमके काय साधावे, याचे उत्तर शोधावयाचे तर आपट्यांच्या चरित्राइतका बोलका दाखला क्वचितच सापडेल. कारण त्यांच्या आयुष्यात मुख्याध्यापकही आहे, शिष्यवृत्तीही आहे आणि शेवटी ते स्वतःच मुख्याध्यापकाच्या आसनावर बसलेले आहेत.

वामनरावांचा जन्म १८५८ साली सावंतवाडी संस्थानातील असोलोपाल या खेड्यात झाला. घराणे खाऊनपिऊन सुखी होते. परंतु वामन आठ वर्षांचा होतो न होतो तोच घराला उतरती कळा लागली. वडिलांची संपत्ती गेली आणि पाठोपाठ वडीलही गेले. आईने धीर न सोडता मुलांना घेऊन कोल्हापूर गाठले. कोकणातील आडगाव सोडून घाटावरच्या परक्या शहरात, जवळ पैसा नसताना, केवळ मुलांच्या शिक्षणासाठी येणाऱ्या त्या माउलीचे धैर्य मोठे म्हटले पाहिजे. परंतु दैवाला तेवढ्यानेही समाधान वाटले नाही. कोल्हापुरात आई गेली, थोरला भाऊही गेला. शाळकरी वयाचा वामन एकटा उरला.

त्या काळी अशा मुलाचे भवितव्य ठरल्यासारखेच असे. कोणाकडे तरी वार लावून जेवावे, पाणी भरावे, पूजाअर्चा शिकावी आणि जमेल तशी भिक्षुकी करावी. अक्षर चांगले असेल तर एखाद्या कचेरीत कारकुनी मिळावी. हुशार असूनही याच वाटेने गेलेली मुले किती असतील याची मोजदाद कोणी केलेली नाही, कारण त्यांची चरित्रे लिहिली जात नाहीत. वामनाचे तसे झाले नाही, याचे श्रेय एका मुख्याध्यापकाकडे जाते.

कोल्हापूरचे हायस्कूल पुढे राजाराम हायस्कूल या नावाने प्रसिद्धीस आले. तेथे महादेव मोरेश्वर कुंटे हे मुख्याध्यापक होते. मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना कुंटे परिचित आहेत ते 'राजा शिवाजी' या महाकाव्यामुळे. आर्य संस्कृतीच्या इतिहासावर त्यांनी इंग्रजीत मोठा ग्रंथही लिहिला. पण कवी कुंटे आणि इतिहासकार कुंटे यांच्यापेक्षा मुख्याध्यापक कुंट्यांचे एक काम अधिक टिकले असे म्हणावेसे वाटते. वर्गातील अनेक मुलांत हा एक पोरका मुलगा असामान्य बुद्धीचा आहे हे त्यांनी ओळखले आणि त्याचे शिक्षण बंद पडू दिले नाही. कुंट्यांच्या आधाराने वामन शाळेत टिकला.

१८७३ साली वामनराव मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि संस्कृतातील प्रावीण्याबद्दल त्यांना जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. या शिष्यवृत्तीचे नाव उच्चारताच जुन्या पिढीतील शिक्षकांचे डोळे अजूनही चमकतात. मुंबईचे नाना शंकरशेट १८६५ साली निवर्तले. शाळा, मुलींचे शिक्षण, बोर्ड ऑफ एज्युकेशन, मुंबई विद्यापीठ अशा सर्व कार्यांत ते अग्रेसर होते. त्यांच्या स्मरणार्थ ठेवलेली ही शिष्यवृत्ती म्हणजे मॅट्रिकच्या विद्यार्थ्याचा सर्वोच्च मान समजला जाई. पुढे १९१२ साली चिंतामणराव देशमुखांनी ती मिळविली. शाळाशाळांमध्ये यंदाचा 'शंकरशेट' कोणाकडे जातो याची चुरस लागे.

शंकरशेट शिष्यवृत्ती आपट्यांना मिळाली ती परीक्षा झाल्यानंतर. परीक्षेच्या मांडवापर्यंत ज्याला पोहोचताच येत नाही, त्याच्या उपयोगी ती पडत नाही. अनाथ वामनाला त्या मांडवापर्यंत नेले ते कुंटे मास्तरांनी. शिष्यवृत्तीचे नाव चरित्रकोशात मोठ्या अक्षरांत येते, मुख्याध्यापकाचे नाव एका ओळीत येऊन जाते. परंतु क्रम पाहिला तर आधी माणूस ओळखणारी नजर आली, मग पैसा आला. हा क्रम उलटा असता तर कदाचित आपटे हे नावच आपल्याला कळले नसते.

शिष्यवृत्तीच्या बळावर वामनराव पुण्यास डेक्कन कॉलेजात दाखल झाले. तेथे संस्कृतचे प्राध्यापक होते जर्मन पंडित डॉ. फ्रांट्स कीलहॉर्न. पतंजलीच्या महाभाष्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारे हे गृहस्थ. शब्दाचा प्रयोग प्रत्यक्ष ग्रंथात कोठे आला आहे हे दाखविल्याशिवाय त्याच्या अर्थाविषयी बोलू नये, ही त्या परंपरेची शिस्त होती. पुढे आपट्यांच्या कोशात पानोपानी जी स्थलनिर्देशांची शिस्त दिसते तिचे मूळ या संस्कारात असावे. १८७७ साली ते बी. ए. झाले आणि भाऊ दाजी पारितोषिकाचे मानकरी ठरले. १८७९ साली एम. ए. झाले तेव्हा भगवानदास शिष्यवृत्ती त्यांच्याकडे आली. मॅट्रिक, बी. ए., एम. ए. अशा प्रत्येक पायरीवर कोणा ना कोणा दिवंगताच्या किंवा दात्याच्या नावाचा आधार त्यांना लाभला. ज्या डॉ. भाऊ दाजी लाडांच्या नावे ते पारितोषिक होते, ते स्वतःही गोव्यातून मुंबईत येऊन विद्येच्या बळावर मोठे झालेले गृहस्थ होते.

एम. ए. झालेल्या तरुणाला त्या दिवसांत सरकारी नोकरीचे दार सताड उघडे असे. पगार चांगला, मान मोठा आणि म्हातारपणी निवृत्तिवेतन. बालपणी दारिद्र्य भोगलेल्या माणसाने ही वाट धरली असती तर कोणीही त्याला दोष दिला नसता. परंतु २ जानेवारी १८८० रोजी पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आणि माधवराव नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले होते. शिक्षण स्वस्त व्हावे आणि ते आपल्या लोकांच्या हाती असावे, हा त्यामागचा हेतू. आपटे त्याच वर्षी या शाळेत आले आणि लवकरच तिचे सुपरिंटेंडेंट झाले. सुपरिंटेंडेंट म्हणजे आजच्या भाषेत मुख्याध्यापकच. कुंट्यांनी वाचविलेला मुलगा आता स्वतः शेकडो मुलांचा पालक झाला.

हे काम सोपे नव्हते. १८८२ हे वर्ष तर शाळेच्या कसोटीचेच ठरले. मार्च महिन्यात चिपळूणकर अकाली निवर्तले. त्यानंतर कोल्हापूर प्रकरणातील अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर यांना शिक्षा झाली आणि त्यांना एकशे एक दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. एक संस्थापक मृत्यूने नेला, दोन खंदे सहकारी तुरुंगात, आणि शाळा तर चालूच राहिली पाहिजे. त्याच वर्षी शिक्षणाची पाहणी करण्यासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे आपट्यांनी साक्ष दिली. वय अवघे चोवीस. त्या दिवसांत वर्ग भरत राहिले, परीक्षा होत राहिल्या आणि शाळेचा लौकिक वाढत गेला. इतिहासाची पुस्तके तुरुंगाची हकीकत सांगतात, आणि ती सांगितलीच पाहिजे. परंतु मागे राहून रोज सकाळी शाळेचे दार उघडणाऱ्याचेही काही मोल असते.

१८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज उघडले. त्याचे पहिले प्राचार्य झाले वामन शिवराम आपटे. तेव्हा त्यांचे वय सत्तावीसच्या घरात होते. आज टेकडीच्या पायथ्याशी आपण जी भव्य इमारत पाहतो ती त्यांच्या हयातीत नव्हती. शहरातील वाड्यात त्यांनी कॉलेज चालविले.

याच धामधुमीत त्यांचे ग्रंथलेखन चालू होते. १८८१ साली संस्कृत रचनेचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी मार्गदर्शक पुस्तक लिहिले. १८८४ साली इंग्रजी-संस्कृत कोश प्रसिद्ध केला. १८८६ साली राजशेखर कवीच्या चरित्रावर आणि ग्रंथांवर निबंध लिहिला. आणि १८९० साली ज्या ग्रंथाने त्यांचे नाव अजरामर केले तो संस्कृत-इंग्रजी कोश बाहेर पडला. पीटर्सबर्गचा जर्मन महाकोश, मोनिअर विल्यम्सचा १८७२ चा कोश, तारानाथ तर्कवाचस्पतींचा वाचस्पत्य हे मोठे ग्रंथ तेव्हा उपलब्ध होतेच. परंतु ते पंडितांसाठी होते. वेताच्या परिस्थितीतील कॉलेज विद्यार्थ्याला ते विकत घेणे शक्य नव्हते, आणि त्यातील कित्येक शब्द त्याच्या अभ्यासक्रमात कधी येणारेही नव्हते. आपट्यांनी विद्यार्थी डोळ्यांपुढे ठेवला. वैदिक शब्दांचा विस्तार आवरता घेऊन रघुवंश, शाकुंतल, उत्तररामचरित, कादंबरी अशा ग्रंथांतील शब्दांवर भर दिला. अर्थ क्रमवार लावले आणि अर्थापुढे तो कोठे आला आहे याचा निर्देश केला. न्याय, अलंकार इत्यादी शास्त्रांतील संज्ञा उलगडून सांगितल्या. शेवटी वृत्तांची माहिती, ग्रंथकारांचे काळ आणि प्राचीन भूगोलातील नावे यांची परिशिष्टे जोडली. ज्या मुलाजवळ घरी पुस्तके नाहीत आणि विचारावयास शास्त्रीही नाही, त्याला एकाच ग्रंथात हे सर्व मिळावे अशी ती योजना होती. हा कोश १९५७ ते १९५९ या काळात प. कृ. गोडे आणि चिं. ग. कर्वे यांनी वाढवून तीन खंडांत प्रसिद्ध केला. मूळ कोशाच्या आवृत्त्या तर निघतच राहिल्या.

आपट्यांचे जीवन वादांपासून अलिप्त होते असे मात्र नाही. आजीव सभासदांनी संस्थेबाहेर राहून मिळकत करावी की नाही, वेतन किती असावे, यांवरून सोसायटीत तीव्र मतभेद झाले. ग्रंथलेखनासारख्या खाजगी कामांचा प्रश्नही त्यात होता. आपले सर्व सामर्थ्य संस्थेलाच द्यावे असा टिळकांचा आग्रह होता, आणि अखेर १८९० साली त्यांनी सोसायटीचा राजीनामा दिला. त्यागाच्या दृष्टीने पाहिले तर टिळकांची भूमिका उच्च होती यात शंका नाही. परंतु हेही विसरून चालणार नाही की ज्या कामाबद्दल कुरबुर झाली, त्यातूनच पुढच्या पिढ्यांच्या हाती असा ग्रंथ आला. दोन्ही बाजूंना न्याय देऊनच आपण या प्रकरणाकडे पाहिले पाहिजे.

९ ऑगस्ट १८९२ रोजी वामनरावांचे निधन झाले. प्राचार्यपदाची धुरा गोपाळ गणेश आगरकरांनी उचलली, आणि तेही तीनच वर्षांनी, १८९५ साली, निवर्तले. त्या पिढीने आयुष्य कसे वेचले हे या तारखांवरूनच कळून येते.

विद्यार्थी मित्रहो, आपट्यांचे चरित्र शिष्यवृत्तीकडे पाहण्याची वेगळी दृष्टी देते. आपल्याकडे मुख्याध्यापकांच्या नावे जी पारितोषिके दिली जातात ती बहुतेक पहिल्या क्रमांकाला जातात. स्नेहसंमेलनात टाळ्यांच्या गजरात पाकीट दिले जाते, छायाचित्र निघते. यात गैर काही नाही. पण पहिला आलेला विद्यार्थी त्या पाकिटाविनाही पुढे जाऊ शकतो. परीक्षेचे शुल्क भरता न आल्याने, खोलीचे भाडे थकल्याने, दुष्काळात घरून पैसे येणे बंद झाल्याने जो मधल्याच वर्षी गावी परततो, त्याच्यापर्यंत ते पाकीट पोहोचत नाही. मराठवाड्यात असे विद्यार्थी कमी नाहीत. जालना, बीड, परभणीच्या खेड्यांतून येऊन गुलमंडीच्या आसपास खोली करून राहणाऱ्या मुलांत एखादा वामन असेल, आणि तो कोणाच्या नजरेस पडला नाही तर कोणाला कळणारही नाही.

मुख्याध्यापकाचे स्मारक करावयाचे तर त्याने आयुष्यभर जे केले तेच त्या स्मारकाने करावे. परीक्षेनंतर गौरव करण्यास शंकरशेट पुरेसे आहेत, परीक्षेपूर्वी हात देण्यास कुंटे हवेत. शिष्यवृत्तीच्या नियमांत गुणांच्या अटीबरोबर एक अट अशीही असावी की वर्गशिक्षकाने ज्याची परिस्थिती स्वतः जाणून घेतली आहे अशा विद्यार्थ्यास, वर्षाच्या आरंभीच, ती रक्कम मिळावी. आणि ज्यांना ती मिळेल त्यांनी तिची परतफेड पैशानेच करावी असे नाही. आपट्यांनी आपले ऋण कोणाला मनिऑर्डरने पाठविले नाही. ज्यांना ग्रंथ विकत घेणे परवडत नव्हते अशा अनोळखी मुलांसाठी त्यांनी कोश लिहिला. आपल्या ग्रंथालयातील त्याची शिवण सुटलेली प्रत पाहिली की ती परतफेड अजून चालू आहे हे ध्यानात येते.