वॉल्डेमार हाफकिन : पटकी, प्लेग आणि मुलकोवाल

वैद्यकशास्त्राच्या इतिहासाचा विचार सुश्रुत आणि हिपोक्रेटिस यांच्यापासून सुरू होऊन जेन्नर, पाश्चर, कॉख यांच्यापर्यंत आला की पुढचे एक नाव आपल्या अगदी घराजवळचे असते. मुंबईत परळला राहणाऱ्याला ‘हाफकिन’ म्हटले की एक जुनी दगडी इमारत आठवते. ग्रामीण भागातल्या वाचकाला सर्पदंशावरील औषध आठवते. हे एका माणसाचे आडनाव आहे हे मात्र अनेकांच्या ध्यानातही नसते. त्या माणसाचे चरित्र आपण येथे पाहणार आहोत.

तत्पूर्वी एका शब्दाकडे लक्ष वेधतो. भाषेच्या अभ्यासकाची ही खोड समजा. ‘लस’ हा मराठी शब्द मुळात जखमेतून किंवा फोडातून पाझरणाऱ्या पातळ स्रावासाठी वापरला जाई. गायीच्या देवीच्या फोडातील अशीच लस एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर नेण्याची जेन्नरची पद्धत भारतात आली ती मुंबईमार्गे, 1802 मध्ये. त्यानंतर ‘देवी काढणे’, ‘लस टोचणे’ हे प्रयोग रुळले. पुढे प्रयोगशाळेत चंबूमध्ये तयार झालेल्या द्रवालाही आपण तोच शब्द वापरू लागलो. शब्द जुनाच राहिला, पण वस्तू पार बदलली. या बदलाच्या ऐन मध्यावर हाफकिन उभे आहेत.

वॉल्डेमार हाफकिन यांचा जन्म 1860 मध्ये काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा या बंदरात, एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर आज युक्रेनमध्ये असले तरी त्या वेळी ते रशियन साम्राज्यात होते. तेथील विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हा शोध लावणारे इल्या मेचनिकॉव्ह हे त्यांचे गुरू. 1881 मध्ये ओडेशात ज्यूविरोधी दंगली उसळल्या, तेव्हा आपल्या वस्तीच्या संरक्षणासाठी हा विद्यार्थी पुढे झाला, जखमी झाला आणि पकडलाही गेला. मेचनिकॉव्ह यांनी मध्यस्थी केल्यामुळे तो सुटला. ज्ञान होते, गुरूचा आशीर्वाद होता. पण ज्यू राहून प्राध्यापकपद मिळणे त्या राज्यात शक्य नव्हते आणि धर्मांतर करण्यास हाफकिन तयार नव्हते. 1888 मध्ये त्यांनी देश सोडला. जिनिव्हात काही काळ काढून ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले. तेथे त्यांना मिळालेली पहिली जागा ग्रंथपालाची होती.

ग्रंथालयाचे काम सांभाळून उरलेल्या वेळात त्यांनी पटकीच्या जंतूंवर प्रयोग आरंभले. पटकीचा जंतू गिनिपिगच्या शरीरातून पुनःपुन्हा नेला की त्याची तीव्रता वाढते. तोच जंतू उष्ण हवेच्या झोतात वाढवला की तो निस्तेज होतो. प्रथम निस्तेज आणि काही दिवसांनी तीव्र, अशा दोन मात्रा टोचल्या असता प्राण्याला पटकी होत नाही, असे त्यांना आढळले. 18 जुलै 1892 रोजी त्यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. काही दिवस ताप आला, आणि गेला. येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. स्वतःवर केलेल्या अशा प्रयोगाने लस घातक नाही एवढेच दिसते. ती रोग टाळते हे सिद्ध होत नाही. त्यासाठी पटकी जेथे दरवर्षी माणसे नेत होती तेथेच जायला हवे होते. भारताचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन तेव्हा पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत होते. त्यांच्या पाठिंब्याने हाफकिन 1893 मध्ये कलकत्त्याला पोहोचले.

कलकत्त्याच्या वस्त्यांमध्ये त्यांचे स्वागत संशयानेच झाले. भारतीय डॉक्टर सहकाऱ्यांना बरोबर घेऊन ते घरोघर गेले. टोचून घ्यायचे की नाही हे त्यांनी ज्याच्या त्याच्या इच्छेवर सोडले. यातून त्यांना एक अनपेक्षित लाभ झाला. एकाच वस्तीत, एकाच तळ्याचे पाणी पिणाऱ्या माणसांत काही टोचलेले, काही न टोचलेले असे दोन गट आपोआप तयार झाले. कट्टल बागान या वस्तीतील सुमारे 200 रहिवाशांपैकी 116 जणांनी लस घेतली. त्यानंतर तेथे पटकीने जे दगावले, ते सर्व लस न घेतलेल्यांपैकी होते. 1895 पर्यंत 40,000 हून अधिक लोकांना त्यांनी लस टोचली आणि मलेरियाने खंगून ते युरोपला परतले. वर्षभरात ते पुन्हा भारतात आले.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. पुढच्याच महिन्यात सरकारने हाफकिन यांना मुंबईला पाठवले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली, एक व्हरांडा आणि हाताखाली मोजकी माणसे मिळाली. बाहेर शहर रिकामे होत होते. घरांची झडती, रोग्यांना ओढून नेणे, सामान जाळणे यांमुळे लोक प्लेगइतकेच सरकारला भीत होते. ऑक्टोबरात गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. पुढच्या वर्षी पुण्यात काय घडले ते आपण जाणताच. इस्पितळ म्हणजे मरणाचे दार, अशी ज्या समाजाची समजूत झाली होती, त्याच्या दंडात परक्या माणसाची सुई टोचायची होती.

प्लेगचा जंतू वाढवण्यासाठी मांसरस लागतो. युरोपात तो गोमांसाचा असे. हाफकिन यांनी बोकडाचे मांस वापरले आणि रसाच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब सोडले. तुपाच्या थेंबाला धरून जंतूंच्या वसाहती झुंबरासारख्या खाली लोंबत वाढत. मग तो द्रव तापवून जंतू मारले जात आणि टिकाऊपणासाठी त्यात कार्बॉलिक आम्ल घातले जाई. आपल्या घरातील तूप आधुनिक जंतुशास्त्रात असे उपयोगी पडले, ही गंमत मला नेहमी सांगावीशी वाटते.

10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी स्वतःला ही लस टोचून घेतली, आणि तीही पुढे इतरांना दिलेल्या मात्रेच्या कितीतरी पट. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील जे कैदी तयार झाले त्यांना लस देण्यात आली. लस न घेतलेल्यांपैकी 12 जण आजारी पडले व 6 दगावले. लस घेतलेल्यांपैकी 2 आजारी पडले व दोघेही वाचले. कैद्याची संमती कितपत खरी, हा प्रश्न आज आपण विचारू आणि तो विचारायलाच हवा. त्या काळी तो फारसा कोणी विचारला नाही. पुढे खोजा समाजाचे प्रमुख आगाखान यांनी सर्वांसमक्ष लस घेतली, प्रयोगशाळेसाठी आपला बंगलाही दिला, आणि त्या समाजातील हजारो लोक टोचून घेण्यास आले. 1899 मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात आली. ज्या वास्तूत 1882 मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी पटकीने वारल्या होत्या, तेथे पटकीच्या लशीचा जनक कामाला लागला.

हाफकिन वैद्य नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. ते रशियातून आलेले ज्यू होते. भारतातील वैद्यकीय सेवेच्या लष्करी शिस्तीत वाढलेल्या अनेक अधिकाऱ्यांना हा बाहेरचा माणूस प्रमुखपदी रुचत नव्हता. ही पार्श्वभूमी लक्षात ठेवूनच पुढील प्रसंग वाचावा.

30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी 107 जणांना प्लेगची लस टोचण्यात आली. त्यासाठी परळहून आलेल्या पाच बाटल्या वापरल्या होत्या. त्यांपैकी 53-एन या एकाच बाटलीतील लस ज्या 19 जणांना मिळाली, त्या सर्वांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. चौकशी समिती नेमली गेली. तिने ठपका परळवर ठेवला : दोष बाटली उघडण्यापूर्वीच तिच्यात शिरला असावा. मोठ्या प्रमाणावर लस पुरवता यावी म्हणून हाफकिन यांनी तोवर कार्बॉलिक आम्ल वगळले होते आणि निर्जंतुकीकरणासाठी केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली होती. हा बदल त्यांच्या विरोधात गेला. त्यांना पदावरून दूर करण्यात आले. ते इंग्लंडला गेले.

मात्र समितीसमोर आलेल्या साक्षीतच आणखी एक तपशील होता. मुलकोवालला बाटली उघडताना तेथील साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो आगीवर न धरता नुसता कार्बॉलिक द्रावात बुचकळून त्याच चिमट्याने बूच काढले गेले. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शिवाय ते बाटलीत कित्येक आठवडे वाढले असते, तर उघडताक्षणी दुर्गंधी यायला हवी होती. ती आली नव्हती. एवढा साधा तर्क लक्षात घ्यायला सरकारला वर्षे लागली. समितीची कागदपत्रे प्रसिद्ध झाली ती 1906 च्या अखेरीस. मलेरिया डासांमुळे पसरतो हे दाखवणाऱ्या रोनाल्ड रॉस यांनी प्रकरण हाती घेतले. जुलै 1907 मध्ये त्यांनी आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र प्रसिद्ध करून हाफकिन यांची निर्दोषता मांडली. त्या वर्षाच्या अखेरीस सरकारने त्यांना पुन्हा सेवेत घेतले.

पण परळची जागा आता दुसऱ्याकडे होती. हाफकिन यांना कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत नेमण्यात आले. तेथे मानवी चाचण्या घेण्याची मोकळीक त्यांना नव्हती. निवृत्तीपर्यंतची वर्षे त्यांनी तेथे काढली, परंतु नवी लस त्यांच्या हातून झाली नाही. मुलकोवालच्या 19 कुटुंबांचे पुढे काय झाले, याची नोंद या थोर पत्रव्यवहारात कोठे ठळकपणे येत नाही, हेही सांगितले पाहिजे.

निवृत्तीनंतर ते युरोपात राहिले. अविवाहित होते, उत्तरायुष्यात धर्माकडे वळले आणि आपली संपत्ती त्यांनी ज्यू धर्मशाळांच्या शिक्षणासाठी ठेवली. 1925 मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. तोपर्यंत तेथून प्लेगच्या लशीच्या 2 कोटी 60 लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या. नामकरणाची वार्ता कळल्यावर त्यांनी आभाराचे पत्र पाठवले आणि आपल्या आयुष्यातील उत्तम वर्षे मुंबईतील कामात गेली असे कळवले. 26 ऑक्टोबर 1930 रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. मुंबई सुटल्याला तेव्हा सव्वीसएक वर्षे उलटली होती.