विश्लेषण : ‘ब्रँड कोलॅब’ १९४१ सालचे... लीला चिटणीस ‘लक्स’चा पहिला भारतीय चेहरा कशा ठरल्या?

गोरेगावच्या आरे कॉलनीतील ‘छोटा काश्मीर’ उद्यानात सुट्टीच्या दिवशी फिरायला येणाऱ्यांच्या बरोबरीने मोबाइल ट्रायपॉडवर लावून रील करणारेही दिसतात. कुणाच्या हातात फेसवॉश, कुणाच्या हातात सनस्क्रीन. काही वस्तू कंपनीने पाठवलेल्या असतात, तर काही स्वतःच्या पैशाने आणलेल्या. दुसऱ्या ब्रँडला कामाचा नमुना दाखवायला काहीतरी हवेच ना! ओळखीचा चेहरा आणि साबण यांची भारतातली गाजलेली पहिली जोडी जमली, तेव्हा आरे कॉलनी वसायलाही आठ वर्षे अवकाश होता. पण ती जोडी जमवणारी अभिनेत्री इथून जवळच, मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये काम करत होती. तिचे नाव लीला चिटणीस.

१९२९ की १९४१?

लीलाबाईंनी ‘लक्स’ची जाहिरात १९२९ मध्ये केली, असे इंटरनेटवर अनेक ठिकाणी आढळते. ते चूक आहे. १९२९ हे ‘लक्स’ साबण भारतात आल्याचे वर्ष. तेव्हा लीलाबाई विशीच्या आसपास होत्या आणि चित्रपटात आलेल्याही नव्हत्या. त्यांची जाहिरात झळकली १९४१ मध्ये. मधल्या काळात हा साबण भारतीय ग्राहकाला विकला जात होता तो हॉलिवूडच्या तारकांच्या छायाचित्रांवर. लिव्हर ब्रदर्सची भारतीय कंपनी १९३३ मध्ये स्थापन झाली, पुढच्याच वर्षी शिवडीत साबणाचा कारखाना सुरू झाला. साबण इथे तयार होऊ लागला, चेहरा मात्र परदेशीच राहिला. तो बदलायला बारा वर्षे लागली, आणि या बारा वर्षांतच लीलाबाईंची खरी गोष्ट आहे.

नावाला वजन कुठून आले?

लीला नगरकर यांचा जन्म १९०९ चा, धारवाडचा. वडील इंग्रजीचे प्राध्यापक. ब्राह्मण घर, पण ब्राह्मो समाजाच्या विचारांचे. लहान वयातच त्यांचे लग्न डॉ. गजानन चिटणीस यांच्याशी झाले. पतीपत्नी दोघेही स्वातंत्र्य चळवळीचे पाठीराखे. मानवेंद्रनाथ रॉय यांना या दांपत्याने आपल्या घरी आश्रय दिला होता. पकडले गेले असते तर तुरुंगच. पुढे हा संसार मोडला. चार मुलगे होते आणि त्यांना वाढवायचे होते. लीलाबाई पदवीधर होत्या. त्यांनी शाळेत शिकवले, मग ‘नाट्यमन्वंतर’च्या नाटकांतून रंगभूमीवर आल्या. १९३४ चे ‘उसना नवरा’ हे त्यांचे सुरुवातीचे नाटक.

चित्रपटात शिरताना नायिकेची खुर्ची कुणी तयार ठेवली नव्हती. सुरुवात एक्स्ट्राच्या कामापासून झाली. १९३६ मध्ये मास्टर विनायक यांच्या ‘छाया’त त्या दिसल्या. कथा वि. स. खांडेकरांची, संस्था कोल्हापूरची हंस पिक्चर्स. पुढच्या वर्षी प्रभातचा ‘वहाँ’, मग सोहराब मोदींचा ‘जेलर’, रणजितचा ‘संत तुलसीदास’. म्हणजे तीन-चार वर्षांत कोल्हापूर, पुणे आणि मुंबईच्या नामांकित संस्थांत काम करून झाले.

या प्रवासातली एक गोष्ट आजच्या इन्फ्लुएन्सरने आवर्जून पाहावी अशी आहे. १९३७ च्या ‘जेंटलमन डाकू’त त्यांनी पुरुषी पोशाखातल्या सफाईदार भामट्याची भूमिका केली. चित्रपटाच्या वृत्तपत्रीय जाहिरातीत मात्र भर होता तो त्यांच्या पदवीवर. महाराष्ट्रातून पडद्यावर आलेली पहिली पदवीधर प्रतिष्ठित स्त्री, अशी त्यांची ओळख करून देण्यात आली. घरंदाज बायकांनी सिनेमात जाऊ नये, असे मानणारा तो काळ. दुर्गा खोटे यांनी वाट मोकळी केली होती, तरी संशय गेला नव्हता. अशा वेळी बी.ए. ही दोन अक्षरे रूपापेक्षा जास्त बोलत होती. आजच्या भाषेत सांगायचे तर हा त्यांचा ‘बायो’ होता.

१९३९ मध्ये बॉम्बे टॉकीजच्या ‘कंगन’ने चित्र पालटले. अशोककुमार यांच्यासोबतची ही जोडी लोकांनी उचलून धरली. ‘बंधन’, ‘आझाद’ आणि ‘झूला’ असे चित्रपट दोन वर्षांत आले. त्याआधी अशोककुमार यांची नायिका म्हणजे देविका राणी, हे समीकरण पक्के होते. तिथे जाऊन उभे राहणे सोपे नव्हते. डोळ्यांनी बोलण्याची कला आपण लीलाबाईंकडून शिकलो, हे अशोककुमार मोकळेपणाने मान्य करत.

कंपनीने त्यांच्यात काय पाहिले?

‘झूला’ आला त्याच वर्षी ‘लक्स’ची जाहिरात आली. केवळ सुंदर चेहरा हवा असता, तर तो १९४१ च्या मुंबईत दुर्मीळ नव्हता. पण अंगाला लावायचा सुगंधी साबण घेणारे घर शहरातले, मध्यमवर्गीय, वर्तमानपत्र वाचणारे होते. त्या घरातल्या गृहिणीला नटीचे अनुकरण करायचे होते आणि त्याचा संकोचही वाटत होता. प्राध्यापकाची मुलगी, पदवीधर, पडद्यावर साधी आणि सोज्ज्वळ दिसणारी नायिका हा संकोच दूर करू शकत होती. कंपनीने प्रसिद्धी तर घेतलीच, पण त्याहून जास्त घेतला तो विश्वास, असे म्हणायला जागा आहे.

आज ब्रँडकडे ‘पिच’ पाठवताना फॉलोअर्सचा आकडा सर्वांत वर लिहिला जातो. प्रत्यक्षात ब्रँड मॅनेजर विचारतो ते दुसरेच : बघणारे कोण, कोणत्या शहरातले, कोणत्या वयाचे आणि ते तुमचे ऐकतात का? दहा हजार फॉलोअर्स असलेली, फक्त तेलकट त्वचेवर बोलणारी मुलगी फेसवॉशच्या कंपनीला लाखभर फॉलोअर्सच्या विनोदी पेजपेक्षा उपयोगी ठरू शकते. म्हणून पिचमध्ये आपला प्रेक्षक, जुन्या कामाचे दोन-तीन नमुने, या उत्पादनासाठीची नेमकी कल्पना आणि दर एवढे थोडक्यात यावे. आणखी एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. आपला व्हिडीओ कंपनी किती महिने वापरणार, आणि त्या काळात स्पर्धक ब्रँडचे काम करता येणार की नाही, हे लेखी घ्यावे.

आता नियम कोणते?

१९४१ मध्ये जाहिरात ही जाहिरातच दिसत असे. रीलमध्ये ती गप्पांसारखी येते, म्हणून २०२१ मध्ये जाहिरात मानक परिषदेने आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मार्गदर्शक सूचना दिल्या. पैसे, फुकट वस्तू किंवा सवलत मिळाली असेल, तर तसे ठळक सांगावे लागते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा चूक झाल्यास ५० लाखांपर्यंत. करही आहे. जुलै २०२२ पासून वर्षाला २० हजार रुपयांवरच्या भेटवस्तूंवर १० टक्के टीडीएसची तरतूद लागू झाली. वस्तू वापरून परत केली, तर ती यात धरली जात नाही.

जाहिरातीनंतर पुढे काय?

‘लक्स’ पुढे निघून गेला. मधुबाला, हेमामालिनी, श्रीदेवी, माधुरी दीक्षित, असे चेहरे बदलत राहिले. लीलाबाईंना ती सोय नव्हती. १९४२ मध्ये त्यांनी ‘किसीसे ना कहना’ची निर्मिती केली, पण नव्या नायिका आल्या आणि मागणी ओसरली. १९४८ मध्ये त्यांनी एक निर्णय घेतला. फिल्मिस्तानच्या ‘शहीद’मध्ये त्या दिलीपकुमारची आई झाल्या. फिल्मिस्तानचा स्टुडिओ गोरेगावातच, आरेच्या विरुद्ध बाजूला, रेल्वेमार्गाच्या पश्चिमेला. दिलीपकुमार त्यांच्याहून जेमतेम तेरा वर्षांनी लहान. तीन वर्षांनी ‘आवारा’त त्या राज कपूरची आई झाल्या, पुढे ‘गंगा जमुना’ आणि ‘गाइड’. हिंदी चित्रपटातली सोसणारी, खोकणारी, वाट पाहणारी आई त्यांनी घडवली आणि त्या तिच्यातच अडकल्या. १९५५ मध्ये ‘आज की बात’ दिग्दर्शित करून त्यांनी बाहेर पडायचा प्रयत्न केला, त्याला यश आले नाही.

१९८१ मध्ये त्यांचे ‘चंदेरी दुनियेत’ हे आत्मचरित्र आले. १९८० च्या दशकात शेवटच्या भूमिका करून त्या मुलांकडे अमेरिकेला गेल्या. कनेटिकट राज्यातल्या डॅनबरी गावातील एका शुश्रूषागृहात १४ जुलै २००३ रोजी त्यांचे निधन झाले. वय ९३ होते.