दाखला नाही म्हणून ज्याला नाकारलं, त्यानेच त्या विद्यापीठात एक्स-रे शोधला

हात मोडला, खोकला महिनाभर हटला नाही, दाढेत कळ आली, की डॉक्टर आधी एक चिठ्ठी लिहून देतात. आपल्याकडची जुनी माणसं अजून त्याला 'फोटो काढणं' म्हणतात. निपाणी-संकेश्वरकडचे लोक मिरजेला जाऊन फोटो काढून येतात. ती काळी फिल्म मोठ्या पाकिटात घालून कपाटावर ठेवली जाते आणि पुढे वर्षानुवर्षं तिथेच राहते. हा फोटो पहिल्यांदा काढणारा माणूस कोण होता, हे मात्र शाळेच्या एका ओळीपलीकडे फारसं कुणाला माहीत नसतं.

८ नोव्हेंबर हा दिवस जगभर रेडिओग्राफी दिन म्हणून पाळला जातो. १८९५ साली याच तारखेला विल्हेल्म कोनराड रॉन्टजेन यांना हे किरण सापडले. जर्मन उच्चार 'रंटगेन'च्या जवळ जातो, पण आपण शाळेत शिकलो ते नावच इथे ठेवू.

रॉन्टजेन यांचा जन्म २७ मार्च १८४५ रोजी प्रशियातल्या लेनेप या गावी झाला. वडील कापडाच्या धंद्यात, आईचं माहेर हॉलंडमधलं. विल्हेल्म एकुलता एक. तो तीन वर्षांचा असताना कुटुंब सीमा ओलांडून हॉलंडमधल्या आपेलडोर्नला गेलं आणि प्रशियाचं नागरिकत्व गेलं. म्हणजे जन्म एका राज्यात, शाळा दुसऱ्या देशात, आणि पुढे पदवी तिसऱ्याच देशात. आपल्या भागातल्या वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही.

शाळेत तो काही हुशार विद्यार्थी म्हणून गाजलेला नव्हता. यंत्रं जोडायची, रानात भटकायचं, याची आवड. उट्रेख्टच्या तांत्रिक शाळेत असताना वर्गातल्या कुणीतरी एका शिक्षकाचं व्यंगचित्र काढलं. विल्हेल्मने काढलं नव्हतं, पण कुणी काढलं ते सांगायला त्याने नकार दिला. शाळेने त्यालाच काढून टाकलं. साल १८६३. आता शाळा पुरी केल्याचा दाखला नाही, आणि दाखला नाही तर विद्यापीठात रीतसर प्रवेश नाही. उट्रेख्टच्या विद्यापीठात तो काही काळ नुसता वर्गात बसून ऐकत राहिला.

मग कळलं की स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या पॉलिटेक्निकला शाळेचा दाखला लागत नाही, परीक्षा देऊन जाता येतं. १८६५ साली तो तिथे गेला, मेकॅनिकल इंजिनिअर झाला आणि १८६९ साली वायूंवर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. तिथले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आउगुस्ट कुंट यांनी त्याला आपला सहायक करून घेतलं. इंजिनिअरिंग मागे पडलं ते कायमचंच.

कुंट जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्ग विद्यापीठात गेले तेव्हा रॉन्टजेनही बरोबर गेले. तिथे अध्यापक म्हणून मान्यता मागितली तर विद्यापीठाने तोच जुना मुद्दा काढला, शाळेचा दाखला कुठे आहे? डॉक्टरेट हातात असलेल्या माणसाला शाळेच्या दाखल्यावरून अडवलं गेलं. डोमिसाइल आणि माध्यमाच्या दाखल्यांसाठी दोन राज्यांच्या कचेऱ्यांत हेलपाटे घातलेल्या आपल्या पोरांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

कुंट पुढे स्ट्रासबुर्गला गेले, पाठोपाठ रॉन्टजेन. स्ट्रासबुर्ग हाही सीमाभागच. १८७०-७१ च्या युद्धानंतर जर्मनीने फ्रान्सकडून तो घेतला होता आणि तिथे नवं जर्मन विद्यापीठ उभं केलं होतं. नव्या विद्यापीठाने जुन्या दाखल्याचा आग्रह धरला नाही. १८७४ साली रॉन्टजेन तिथे अध्यापक झाले. मग होहेनहाइम, पुन्हा स्ट्रासबुर्ग, मग गीसेन अशा नोकऱ्या झाल्या. आणि १८८८ साली ज्या व्युर्त्सबुर्गने दारात अडवलं होतं, त्याच विद्यापीठाने त्यांना सन्मानाने प्राध्यापक म्हणून बोलावलं. १८९४ साली ते तिथले कुलगुरूच झाले.

झुरिकमध्ये असताना एका खानावळवाल्याच्या मुलीशी, आना बर्था लुडविगशी त्यांची ओळख झाली. ती त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी. १८७२ साली लग्न झालं. स्वतःचं मूल झालं नाही. बर्थाच्या भावाची मुलगी सहा वर्षांची असताना त्यांनी दत्तक घेतली.

१८९५ साली रॉन्टजेन पन्नास वर्षांचे होते. नाव होतं, पण गाजावाजा नव्हता. त्या काळी बऱ्याच प्रयोगशाळांत एक खेळ चाललेला होता. काचेच्या नळीतली हवा जवळपास सगळी काढून टाकायची आणि तिच्यातून जास्त दाबाची वीज सोडायची. नळीत कॅथोड किरण तयार होतात, म्हणजे आज आपण ज्यांना इलेक्ट्रॉन म्हणतो त्यांचा झोत. फिलिप लेनार्ड या शास्त्रज्ञाने दाखवलं होतं की नळीला पातळ अॅल्युमिनियमची खिडकी ठेवली तर हे किरण बाहेर येतात, पण हवेत काही सेंटिमीटरच. रॉन्टजेन तेच प्रयोग स्वतः करून बघत होते.

त्या शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी नळी काळ्या पुठ्ठ्याने घट्ट झाकली होती आणि खोलीत अंधार केला होता. वीज सोडली तेव्हा थोड्या अंतरावर ठेवलेला एक कागद चमकायला लागला. त्याला बेरियम प्लॅटिनोसायनाइड नावाचं रसायन लावलेलं होतं. नळीतून उजेड बाहेर येत नव्हता, आणि कॅथोड किरण तर इतक्या लांब पोचूच शकत नाहीत. मग कागदाला उजळवतंय कोण?

असं काहीतरी इतरांच्याही प्रयोगशाळांत घडून गेलं होतं. इंग्लंडमध्ये विल्यम क्रूक्स यांच्या नळ्यांजवळ ठेवलेल्या फोटोच्या काचा काळवंडत होत्या. अमेरिकेत फिलाडेल्फियात १८९० साली एका प्राध्यापकाच्या काचेवर नकळत सावल्या उमटल्या होत्या. कुणी थांबून विचारलं नाही. रॉन्टजेन थांबले, एवढाच फरक. पण हा फरक मोठा आहे.

पुढचे सात आठवडे त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. राहण्याची जागा संस्थेच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर होती. जेवायला उशिरा जायचे, न बोलता जेवायचे आणि परत खाली. नळी आणि पडदा यांच्यामध्ये हाताला येईल ती वस्तू धरून बघितली. हजार पानांचं पुस्तक धरलं, किरण आरपार. लाकूड, रबर, अॅल्युमिनियम, सगळ्यातून कमीजास्त आरपार. शिसं मात्र दीड मिलिमीटर जाडीचं असलं तरी त्यांना जवळजवळ पूर्ण अडवतं. एक्स-रेच्या खोलीच्या भिंतीला आणि दाराला आज शिशाचा पत्रा असतो, तंत्रज्ञाच्या अंगात शिशाचा एप्रन असतो, त्याचं मूळ या नोंदीत आहे.

आणि वस्तू धरता धरता स्वतःच्या हाताची हाडं पडद्यावर दिसली.

हाडात कॅल्शियम असतं, ते किरणांना जास्त अडवतं. मांस, चामडी कमी अडवतात. त्यामुळे फोटोत हाड पांढरं आणि बाकी काळपट दिसतं. फुप्फुसात हवा, म्हणून ते काळं दिसतं. तिथे पाणी झालं किंवा क्षयाचा डाग असला तर पांढरं दिसतं. १२५ वर्षांहून जास्त काळ गेला, तरी निदानाचं तत्त्व हेच आहे.

२२ डिसेंबर १८९५ रोजी त्यांनी बर्थाला खाली बोलावलं आणि तिचा हात फोटोच्या काचेवर ठेवायला सांगितला. सुमारे पंधरा मिनिटं हात हलवायचा नाही. काच धुतल्यावर बोटांची हाडं आणि त्यावर तरंगत असल्यासारखी अंगठी दिसली. बर्था हरखली नाही, घाबरली. जिवंतपणी आपला सांगाडा बघणं तिला अपशकुनासारखं वाटलं, असं सांगतात. त्या काळात हाडं दिसायची ती माणूस मेल्यावरच. तिची भीती मला तरी हसण्यासारखी वाटत नाही.

२८ डिसेंबरला रॉन्टजेन यांनी आपला निबंध व्युर्त्सबुर्गच्या भौतिक-वैद्यक मंडळाकडे दिला. किरण कसले ते ठाऊक नव्हतं, म्हणून गणितात अज्ञात राशीला देतात तसं 'एक्स' हे नाव दिलं. आपल्याकडे बीजगणितात एक्सच्या जागी 'क्ष' असतो, म्हणून मराठीत ते क्ष-किरण झाले. नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी त्यांनी निबंधाच्या प्रती आणि फोटो ओळखीच्या शास्त्रज्ञांना टपालाने पाठवले. ५ जानेवारीला व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात बातमी आली आणि तारेने जगभर गेली. १३ जानेवारीला बर्लिनमध्ये कैसरसमोर प्रयोग झाला. २३ जानेवारीला व्युर्त्सबुर्गच्या भरलेल्या सभागृहात त्यांनी वयोवृद्ध शरीरशास्त्रज्ञ कोलिकर यांच्या हाताचा फोटो काढून दाखवला. कोलिकर यांनी तिथेच सुचवलं की या किरणांना रॉन्टजेन यांचंच नाव द्यावं. रॉन्टजेन स्वतः मात्र शेवटपर्यंत एक्स-किरणच म्हणत राहिले.

डॉक्टरांनी तर वाटच बघितली नाही. त्याच जानेवारीत इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला जॉन हॉल-एडवर्ड्स यांनी एकाच्या हातात घुसलेली सुई फोटोत पकडली. १८९७-९८ च्या तिराहच्या मोहिमेत इंग्रजी फौजेच्या डॉक्टरांनी वायव्य सरहद्दीच्या डोंगरात यंत्र नेऊन जखमी सैनिकांच्या अंगातल्या गोळ्या शोधल्या. त्याआधी गोळी शोधायची म्हणजे जखमेत सळई किंवा बोट घालून चाचपायचं, दुसरा इलाज नव्हता.

आता पैशाचा विषय. मी कॉमर्सचा माणूस, त्यामुळे मला या गोष्टीतला हा भाग सगळ्यात जास्त खिळवून ठेवतो. बर्लिनच्या ए.ई.जी. या बड्या वीज कंपनीने हक्क विकत घेण्यासाठी माणूस पाठवला होता. रॉन्टजेन यांनी पेटंट घ्यायलाच नकार दिला. शोध सगळ्यांच्या उपयोगाचा आहे, त्यावर एका कंपनीची मालकी नको, अशी त्यांची भूमिका होती. म्हणून ज्याच्याकडे नळी आणि विजेचं कॉइल होतं, तो कुणालाही रॉयल्टी न देता फोटो काढू शकला. एका महिन्यात जे तंत्र खंड ओलांडून गेलं, ते पेटंट असतं तर इतक्या झपाट्याने गेलं असतं का, हा हिशेब वाचकांनीच मांडावा. आज एखाद्या तपासणीचं बिल बघताना तर जरूर मांडावा.

१९०१ साली भौतिकशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल त्यांना मिळालं. रक्कम १,५०,७८२ स्वीडिश क्रोनर. ती त्यांनी व्युर्त्सबुर्ग विद्यापीठाला संशोधनासाठी देऊन टाकली. स्टॉकहोमला जाऊन पारितोषिक घेतलं, पण रीतीप्रमाणे द्यायचं व्याख्यान दिलं नाही. बव्हेरियाच्या दरबाराने सन्मान दिला तो घेतला, पण त्याबरोबर येणारी सरदारकी, नावाआधी 'फॉन' लावायचा मान, तो नको म्हटलं. एक्स-किरणांवर त्यांनी एकूण तीनच निबंध लिहिले. लेनार्ड यांनी मात्र आयुष्यभर मनात सल ठेवला, की नळी आपली आणि नाव दुसऱ्याचं.

या किरणांनी माणसं मारलीही. सुरुवातीला धोका कुणाला कळत नव्हता. यंत्र नीट चालतंय का हे बघायला तंत्रज्ञ रोज स्वतःचाच हात आत धरायचे. हातावर फोड, मग जखमा, मग कर्करोग. एडिसन यांचे सहायक क्लॅरन्स डॅली १९०४ साली असेच गेले आणि एडिसन यांनी हे काम सोडून दिलं. सुई शोधणाऱ्या हॉल-एडवर्ड्स यांचा डावा हात १९०८ साली कापावा लागला. तरीही पुढे कित्येक वर्षं पाश्चात्त्य देशांत चपलांच्या दुकानात पोरांचे पाय एक्स-रे यंत्रात घालून माप बघत होते! हॅम्बुर्गमध्ये १९३६ साली या कामात जीव गेलेल्या डॉक्टर-तंत्रज्ञांचं स्मारक उभारलं गेलं.

म्हणून एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. सीटी स्कॅनमध्येही एक्स-किरणच असतात, फक्त यंत्र भोवती फिरून आडवे छेद दाखवतं. पहिल्या रुग्णाचा असा स्कॅन लंडनजवळ १९७१ साली झाला. छातीच्या साध्या एक्स-रेपेक्षा छातीच्या सीटीत किरणांचा डोस कित्येक पटींनी जास्त असतो. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये हे किरण नसतात. डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी टाळू नये, पण जुनी फिल्म आणि रिपोर्ट बरोबर न्यावेत, म्हणजे तोच फोटो पुन्हा काढावा लागत नाही. आणि बाई गरोदर असेल किंवा तशी शक्यता असेल, तर खोलीत शिरण्याआधी सांगायचं.

रॉन्टजेन १९०० साली म्युनिकला गेले आणि तिथेच राहिले. सगळं काही त्यांच्या बाजूने मांडावं असंही नाही. १९१४ साली महायुद्ध पेटलं तेव्हा जर्मनीच्या बाजूने ९३ नामवंतांनी जे पत्रक काढलं, त्यावर त्यांचीही सही होती. आणि त्याच युद्धात पलीकडे फ्रान्समध्ये मेरी क्युरी त्यांचेच किरण मोटारीत घालून जखमींपर्यंत नेत होत्या.

बर्था बरीच वर्षं आजारी होती. वेदना थांबवायची इंजेक्शनं तिला शेवटी ते स्वतःच द्यायचे. १९१९ च्या ऑक्टोबरमध्ये ती गेली. त्यानंतर जर्मनीत महागाईचा आगडोंब उसळला. युद्धाआधी एका डॉलरला ४.२ मार्क मिळायचे, नोव्हेंबर १९२३ मध्ये ४.२ लाख कोटी. आयुष्यभराची पुंजी बँकेत असलेल्या पेन्शनरांची माती झाली, त्यात रॉन्टजेनही आले. विद्यापीठाला दिलेली नोबेलची रक्कमही त्याच महागाईने खाल्ली.

१० फेब्रुवारी १९२३ रोजी आतड्याच्या कर्करोगाने त्यांचं निधन झालं, वय ७७. किरणांमुळे तो झाला असं मानत नाहीत, कारण या किरणांवर त्यांनी थोडीच वर्षं काम केलं होतं. त्यांच्या सांगण्यावरून खाजगी आणि शास्त्रीय पत्रव्यवहार जाळून टाकण्यात आला. गीसेनच्या जुन्या स्मशानभूमीत आई-वडिलांच्या आणि बर्थाच्या शेजारी त्यांना पुरलं. व्युर्त्सबुर्गची ती प्रयोगशाळा आता स्मारक म्हणून जपली आहे आणि लोकांना ती बघता येते.