नायकपद कोणाचे? : पालवणकर बाळू यांचे स्मरण

वसतिगृहाच्या मैदानावर दरवर्षी संघनिवडीच्या वेळी एक प्रश्न हमखास उभा राहतो : संघाचा नायक कोणी व्हावे? हा प्रश्न दिसतो तितका लहान नाही. ज्यांना सर्वांत चांगले खेळता येत होते, पण ज्यांच्या हाती संघाची सूत्रे देण्यास समाज वर्षानुवर्षे कचरला, अशा एका थोर खेळाडूचे चरित्र आम्ही म्हणूनच ह्या स्मरणिकेत आमच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

पालवणकर बाळू यांचा जन्म 1876 साली धारवाड येथे एका चांभार कुटुंबात झाला. वडील लष्करी सेवेत असल्याने त्यांचे बालपण पुण्याच्या लष्करी परिसरात गेले. तेथे गोऱ्या अधिकाऱ्यांच्या क्लबात त्यांना महिना 4 रुपयांवर नोकरी मिळाली. खेळपट्टीवर रूळ फिरविणे, जाळी उभारणे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणे ही त्यांची कामे. कॅप्टन ग्रेग हे त्या काळचे नामांकित फलंदाज सरावासाठी इतरांच्या आधी येत आणि बाळूंकडून तासन् तास गोलंदाजी करवून घेत. बाद केल्यास प्रत्येक वेळी आठ आणे देत, असेही सांगतात. डाव्या हाताच्या फिरकीवर बाळूंनी जे प्रभुत्व मिळविले ते ह्या नोकरीतच. पण इतक्या वर्षांत त्यांच्या हाती बॅट मात्र कोणी दिली नाही. चेंडू टाकणे हे चाकराचे काम आणि फलंदाजी हा मालकाचा मान, असा तेथला अलिखित नियम होता.

बाळूंची कीर्ती ऐकून पुण्याच्या हिंदू क्लबाने, काही सभासदांचा विरोध डावलून, त्यांना संघात घेतले. मैदानावर त्यांचा चेंडू सर्वांना चालत असे, मैदानाबाहेर त्यांचा स्पर्श चालत नसे. इतर खेळाडू आत चिनी मातीच्या कपांतून चहा घेत, तेव्हा बाळूंना तो बाहेर, फेकून द्यावयाच्या मातीच्या भांड्यात मिळे. जेवणाचे ताट वेगळे, बसण्याची जागाही वेगळी. साताऱ्याच्या गोऱ्या संघाला बाळूंच्या गोलंदाजीमुळे हार पत्करावी लागली, तेव्हा न्यायमूर्ती रानडे यांनी जाहीर सत्कारात ह्या विसंगतीवर बोट ठेवले. ज्याच्याबरोबर आपण खेळतो त्याच्याबरोबर जेवण्यास आपली हरकत का, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

पुढे बाळू मुंबईस आले व हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. 1906 साली हिंदूंनी युरोपियनांवर 109 धावांनी विजय मिळविला, त्यात त्यांच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. 1911 साली हिंदी संघ इंग्लंडला गेला. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंह हे त्या संघाचे नायक होते. जन्माने आलेल्या मानापलीकडे त्या नायकपदाला फारसा आधार नव्हता. महाराज लवकरच मेजवान्या व भेटीगाठींत रमले आणि संघाने बहुतेक मोठे सामने गमावले. त्याच दौऱ्यात, खांद्याच्या दुखण्याची पर्वा न करता, बाळूंनी शंभरांहून अधिक बळी घेतले.

इतके करूनही हिंदू संघाचे नायकपद त्यांना मिळाले नाही. 1913 साली नायक झालेल्या एम. डी. पै यांनी तो मान खरे पाहता आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्याचा होता, असे सत्कारसमारंभातच मोकळेपणाने मान्य केले. पद हाती असताना ते दुसऱ्याचे होते असे सांगणे सोपे नसते, म्हणून आम्हांला पैंचे हे वर्तन फार मोलाचे वाटते.

1920 साली गोष्ट विकोपाला गेली. बाळूंना संघातून वगळण्यात आले. पै आजारी असता त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांनाही डावलून नायकपद दुसऱ्या सवर्ण खेळाडूकडे दिले गेले. तेव्हा विठ्ठल व शिवराम ह्या दोन्ही बंधूंनी संघातून माघार घेतली आणि आपली कारणे जाहीरपणे मांडली. लोकमत त्यांच्या बाजूने वळले. पुढच्या सामन्यात बाळू उपनायक म्हणून परतले, आणि पै मैदानाबाहेर असताना संघाची सूत्रे त्यांच्या हाती आली. 1923 साली विठ्ठल अधिकृतपणे नायक झाले आणि हिंदूंनी त्या वर्षीची चौरंगी स्पर्धा जिंकली. थोरल्याला जे नाकारले गेले ते धाकट्याने मिळविले, पण त्यामागे थोरल्याच्या वीस वर्षांच्या श्रमांचे बळ होते.

बाळूंच्या उत्तरायुष्याविषयी आमच्यासारख्या बाबासाहेबांच्या अनुयायांनी मौन पाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. तरुण वयात बाबासाहेबांना बाळूंचा अभिमान होता. 1932 च्या पुणे कराराच्या वेळी मात्र बाळू गांधीजींच्या बाजूने उभे राहिले, धर्मांतराचा विचार त्यांना पटला नाही, आणि 1937 च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्धच उभे राहिले. बाबासाहेबांना 13,245 तर बाळूंना 11,225 मते पडली. त्यांचा राजकीय निर्णय आम्हांला मान्य नाही. पण तेवढ्यावरून त्यांचे मैदानावरील ऋण नाकारावे, तर जे त्यांच्या गुणांकडे न पाहता जातीकडे पाहत होते त्यांच्याहून आम्ही वेगळे कसे ठरू? 4 जुलै 1955 रोजी त्यांचे निधन झाले. नागपूरच्या धम्मदीक्षेला तेव्हा सव्वा वर्षाचा अवधी होता.

माणूस जन्माने नव्हे, कर्माने श्रेष्ठ ठरतो, ही भगवान बुद्धांची शिकवण आम्ही रोजच्या वंदनेनंतर मुलांना सांगतो. तिची परीक्षा प्रार्थनागृहापेक्षा मैदानावर अधिक कठोर होते. आमच्या क्रीडाशिक्षकांना म्हणून एवढीच विनंती, की संघ निवडताना कोणाचे पालक कोण आहेत हे पाहू नये, चेंडू टाकणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हाती बॅटही द्यावी, आणि नायकाचे नाव वाचून दाखविण्यापूर्वी त्या पदावर अधिक हक्क असलेला कोणी मागच्या रांगेत उभा तर नाही ना, हे एकदा पाहून घ्यावे.