संख्यांचा जाणकार ऑयलर

स्वित्झर्लंडमधील बाझेल नगरात १५ एप्रिल १७०७ रोजी लिओनार्ड ऑयलरचा जन्म झाला. वडील धर्मोपदेशक होते; मुलानेही तोच मार्ग धरावा, अशी त्यांची इच्छा होती. परंतु मुलाचे मन गणितात रमले. योहान बर्नुली हा थोर गणिती त्याच नगरात राहत असे. ऑयलरने आठवडाभर गणिताचे ग्रंथ वाचावेत आणि शनिवारी दुपारी बर्नुलीकडे जाऊन शंका विचाराव्यात, असा परिपाठ पडला. अखेर बर्नुलीनेच वडिलांची समजूत घातली.

१७२७ साली ऑयलर रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथील विज्ञान अकादमीत गेला. दोन वर्षांनी गोल्डबाख नावाच्या मित्राने पत्र पाठवून एका जुन्या प्रश्नाकडे त्याचे लक्ष वेधले.

३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या पाचही मूळ संख्या आहेत. यांपैकी कोणत्याही संख्येतून १ वजा करावा, उरलेल्याचा वर्ग करावा आणि त्यात १ मिळवावा, की पुढची संख्या येते. असे कितीही पुढे गेले तरी मूळ संख्याच मिळत जाईल, असे सतराव्या शतकातील फ्रेंच गणिती फर्मा याचे मत होते. सहावी संख्या मात्र ४,२९,४९,६७,२९७ इतकी मोठी! तिला भागून पाहणार कोण? शिवाय फर्माच्या नावाचा दबदबाही मोठा. जवळजवळ शंभर वर्षे ते मत तसेच राहिले.

ऑयलरनेही प्रथम त्या पत्राची फारशी दखल घेतली नाही. पण १७३२ साली त्याने दाखवून दिले की, या संख्येला ६४१ ने निःशेष भाग जातो आणि भागाकार ६७,००,४१७ येतो. यामागचा नियमही त्याने पुढे सिद्ध केला. या संख्येला भाग जाईल अशा मूळ संख्येला ६४ ने भागले, तर बाकी १ च उरली पाहिजे. मग १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ एवढ्याच संख्या तपासाव्या लागतात. पाचव्या भागाकारालाच उत्तर हाती येते. वहीत करून पाहावे. फर्माच्या त्या मालिकेतील सहावी मूळ संख्या आजपर्यंत कोणालाही सापडलेली नाही.

१७३८ च्या सुमारास ऑयलरच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. १७४१ पासून पंचवीस वर्षे त्याने बर्लिनमध्ये काढली. तेथून सेंट पीटर्सबर्गला परतल्यावर मोतीबिंदूने डावा डोळाही निकामी होत गेला. १७७१ साली घराला आग लागली. तो कसाबसा वाचला. तरी त्याचे गणित थांबले नाही. तो तोंडाने सांगे आणि मुलगा व सहकारी लिहून घेत. याच काळात, १७७२ साली, २,१४,७४,८३,६४७ ही संख्या मूळ असल्याचे त्याने प्रसिद्ध केले. एकतीस वेळा २ मांडून त्यांचा गुणाकार करावा आणि त्यातून १ वजा करावा, की ही संख्या मिळते. येथेही त्याने आधी विचाराने पुष्कळ श्रम वाचवले. २४८ ने भागल्यावर १ किंवा ६३ बाकी उरते, अशाच मूळ संख्या त्याला तपासाव्या लागल्या, आणि त्याही ४६,३४१ पेक्षा लहान. पाऊणशे वर्षांहून अधिक काळ याहून मोठी मूळ संख्या कोणाला ठाऊक नव्हती.

१८ सप्टेंबर १७८३ रोजी, नव्याने सापडलेल्या युरेनस ग्रहाच्या कक्षेविषयी सहकाऱ्याशी बोलणे झाल्यावर, काही वेळातच ऑयलरला मृत्यू आला.