कच्चा वाल अंगी का लागत नाही? उत्तर शोधणाऱ्या कमला सोहोनी

म्हसळा (वार्ताहर) : भातकापणी झाली की जमिनीच्या ओलीवर वाल पेरायचा, हा रायगडचा जुना रिवाज. वाल भिजवायचा, मोड आणायचे, सोलायचा आणि चांगला शिजवायचा, हे घरातल्या बायकांना कोणी शिकवावं लागत नाही. पण असं का करायचं, याचं शास्त्रीय उत्तर शोधणाऱ्यांमध्ये एक मराठी बाई होत्या. त्यांचं नाव डॉ. कमला सोहोनी.

कमलाताई माहेरच्या भागवत. जन्म १९११ चा, इंदूरचा. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण. वडील आणि काका दोघेही बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. आपणही तिथेच शिकायचं, हे कमलाताईंनी लहानपणीच मनाशी धरलं होतं.

१९३३ साली त्या मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. झाल्या, त्याही पहिल्या क्रमांकाने. बंगळूरला अर्ज केला तर तो नामंजूर. तेव्हा संस्थेचे प्रमुख होते नोबेल मिळवलेले सर सी. व्ही. रामन. मुलींना घ्यायचं नाही, एवढंच कारण. कमलाताई गप्प बसल्या नाहीत. थेट बंगळूर गाठलं आणि प्रवेश घेतल्याशिवाय हलणार नाही, असा हट्ट धरला. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष कच्चा प्रवेश, सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम, आणि आपल्यामुळे तिथल्या पुरुषांच्या कामात व्यत्यय येऊ द्यायचा नाही. अटी मान्य केल्या, पण तो अपमान त्या कधी विसरल्या नाहीत. वर्षभरात त्यांचं काम पाहून रामन यांचं मत बदललं आणि पुढच्या मुलींसाठी संस्थेचं दार उघडलं.

पुढे त्या इंग्लंडला केंब्रिजला गेल्या. आपण जेवतो, श्वास घेतो, पण त्या अन्नाची ताकद बनते शरीरातल्या बारीक बारीक पेशींमध्ये. त्या कामात 'सायटोक्रोम सी' नावाचं प्रथिन लागतं. बटाट्यावर काम करताना कमलाताईंना ते वनस्पतीच्या पेशीतही सापडलं. म्हणजे माणूस असो की झाड, पेशीचा श्वास चालतो तो बऱ्याच अंशी एकाच रीतीने. अवघ्या ४० पानांच्या प्रबंधावर १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या सुरुवातीच्या भारतीय महिलांपैकी त्या एक.

त्याच वर्षी त्या मायदेशी परतल्या. दिल्ली आणि कुन्नूरला नोकरी केली. १९४७ साली लग्न होऊन मुंबईला आल्या आणि तिथल्या विज्ञान संस्थेत शिकवू लागल्या. गरिबाच्या ताटातल्या कडधान्यावर त्यांनी खूप काम केलं. त्यातच वाल होता.

आपल्या पोटात स्वादुपिंड नावाचा अवयव आहे. प्रथिनं फोडणारा 'ट्रिप्सिन' हा पाचक पदार्थ तिथे तयार होतो. तिथे तो निजलेला असतो, नाहीतर स्वादुपिंडच पचवून टाकेल. लहान आतड्यात पोचला की जागा होतो आणि कामाला लागतो. वालात मात्र या ट्रिप्सिनला अडवणारा पदार्थ असतो. कमलाताईंनी सहकाऱ्यासह तो वालातून शुद्ध स्वरूपात वेगळा काढला. १९५५ साली हे संशोधन जगप्रसिद्ध 'नेचर'मध्ये छापून आलं. कच्च्या वालातलं प्रथिन खाऊनही अंगी लागत नाही, त्याचं हे कारण. नीट शिजवल्यावर या पदार्थाचा जोर ओसरतो आणि तोच वाल पोषण देतो.

राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या सुचवण्यावरून त्यांनी नीरेचाही अभ्यास केला. नीरेत जीवनसत्त्वं आणि लोह आहे, कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायकांना तिचा फायदा होतो, हे दाखवून दिलं. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. मात्र मुंबईच्या विज्ञान संस्थेचं संचालकपद त्यांना हक्क असूनही काही वर्षं उशिरानेच मिळालं. पुढे भेसळीविरुद्ध ग्राहक चळवळीतही त्या उभ्या राहिल्या. १९९८ साली त्यांचं निधन झालं.

वालाची डाळिंबी चुलीवर चढते, पोपटीच्या मडक्यात शेंगा शिजतात, तेव्हा आई-आजीच्या अनुभवाला कमलाताईंच्या प्रयोगशाळेची साक्ष असते. आणि बारावीनंतर विज्ञान शिकू पाहणाऱ्या गावातल्या मुलीला कोणी नको म्हणालं, तर तिला सांगायला ही एक खरी गोष्ट आहे.