भास्कराचार्य आणि लीलावतीचा खेळ

खेळणारा स्वतःच कथेतील एक पात्र होतो, राक्षस, देवता, जादूची शस्त्रे यांच्या अद्भुत जगात वावरतो आणि एकेक संकट सोडवीत पुढे जातो, अशा प्रकारचे संगणकीय खेळ आता जळगाव आणि धुळ्यातील घरांनाही परके राहिलेले नाहीत. असा एक खेळ पुरा करावयाचा तर पन्नास-साठ तास सहज जातात. तेवढा वेळ द्यावा इतकी त्या कथेची योग्यता आहे का, हा प्रश्न मुलांना पडो न पडो, आईवडिलांना पडतोच. त्याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. कथेतून कोडे घालावे आणि वाचकाला त्या कथेत ओढून घ्यावे, ही युक्ती ज्याने पूर्णत्वाला नेली त्या भास्कराचार्यांच्या घराण्याची खूण जळगाव जिल्ह्यातच, चाळीसगावजवळच्या पाटणे येथे सापडली आहे.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४ चा. आपल्या जन्माचे वर्ष आणि ग्रंथरचनेच्या वेळचे वय त्यांनी स्वतःच श्लोकांत नोंदवून ठेवले आहे. प्राचीन भारतीय ग्रंथकारांच्या बाबतीत अशी निश्चिती क्वचितच लाभते. गोत्र शांडिल्य, वडिलांचे नाव महेश्वर, आणि तेच गुरू. सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले विज्जडविड हे आपले गाव असल्याचे ते सांगतात. हे विज्जडविड कोणते याबद्दल विद्वानांत एकमत नाही. कोणी ते विजापूर मानतात, कोणी पाटण्याच्या परिसरात शोधतात. पाटण्याच्या बाजूचा पुरावा मात्र दगडात कोरलेला आहे आणि त्याकडे आपण पुढे येऊ.

या घराण्यात काव्य आणि ज्योतिष एकत्र नांदत होते, ही गोष्ट ‘लीलावती’ समजून घेण्यासाठी महत्त्वाची आहे. पाटण्याच्या शिलालेखात जी वंशावळ आहे तिचा आरंभ त्रिविक्रम या कवीपासून होतो. त्याचा पुत्र भास्करभट्ट, ज्याला भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली असे लेख सांगतो. पुढे गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर आणि मग आपले भास्कराचार्य. कवीच्या वंशात जन्मलेल्या या गणितज्ञाने वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ.स. ११५० मध्ये, ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्याचे भाग चार : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. त्यांतील पहिला भाग पुढे स्वतंत्र ग्रंथ म्हणूनच सर्वत्र अभ्यासला गेला.

‘लीलावती’ची रचना पाहा. आधी परिमाणे, मग सूत्र, आणि सूत्रामागून लगेच उदाहरण. उदाहरणात मात्र रूक्ष संख्या नाहीत. एका ठिकाणी वाचकाला एकदम वाणी करून टाकले आहे. समोर एक घाईतला वाटसरू उभा आहे. त्याच्या हातात तेरा काकिणी, म्हणजे एका द्रम्माच्या चौसष्ट भागांपैकी तेरा. द्रम्माला साडेतीन माप तांदूळ आणि आठ माप मूग असा भाव. त्याला दोन भाग तांदूळ आणि एक भाग मूग हवे आहेत, आणि तेही लवकर, कारण जेवून निघायचे आहे, तांडा पुढे निघून जाईल. आता वाणी होऊन हिशेब आपणच करायचा. उत्तर तांदूळ सात-बारांश माप आणि मूग सात-चोविसांश माप असे येते. खानदेशात तरी या दोन पदार्थांचे पुढे काय होणार हे वेगळे सांगायला नको!

दुसऱ्या एका उदाहरणात आपण कुरुक्षेत्रावर असतो. कर्णाच्या वधासाठी अर्जुनाने बाण उचलले आहेत. निम्म्यांनी त्याने कर्णाचे बाण तोडले, एकूण बाणांच्या वर्गमुळाच्या चौपट बाणांनी घोडे, सहांनी शल्य, तिहींनी छत्र, ध्वज आणि धनुष्य, आणि एका बाणाने मस्तक. बाण किती? शंभर. हंसांच्या थव्याचे, कमळात कोंडल्या गेलेल्या भुंग्याचे आणि बाहेर गुंजारव करणाऱ्या त्याच्या सहचरीचेही असेच. ग्रंथाच्या अखेरीस अंकपाश नावाच्या प्रकरणात दहा हातांचा शंकर येतो. पाश, अंकुश, डमरू, शूळ अशी दहा आयुधे त्याने हातांत आलटून-पालटून धरली तर रूपे किती होतील, असा प्रश्न आहे. उत्तर ३६,२८,८००. चार हातांच्या विष्णूची मात्र चोवीसच. आजच्या खेळांत पात्राला शस्त्रे निवडून देताना जो आनंद मिळतो, त्याचे गणित नऊशे वर्षांपूर्वी येथे मांडून ठेवलेले आहे.

गोष्टीतून गणित घालण्याची रीत भास्कराचार्यांची स्वतःची नव्हे, हेही नमूद केले पाहिजे. त्यांच्याआधी तीनशे वर्षे राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळातील महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त अशी उदाहरणे विपुल दिली आहेत. ब्रह्मगुप्त, श्रीधर, पद्मनाभ या पूर्वसूरींचे ऋण भास्कराचार्यांनी मोकळेपणाने मान्य केले आहे. परंतु सगळ्याच गोष्टी सारख्या तोलाच्या नसतात, आणि खुद्द ‘लीलावती’तही त्या नाहीत.

अर्जुनाच्या उदाहरणातून महाभारत काढून टाकले तरी वर्गसमीकरण शिल्लक राहते. कथा तेथे अलंकार आहे. सुंदर अलंकार, पण अलंकारच. आता मोराचे उदाहरण घ्या. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या बुडाशी सापाचे बीळ. सत्तावीस हातांवरून साप बिळाकडे येतो आहे. मोर त्याच्यावर तिरकी झेप घेतो. दोघांचा वेग सारखा. तर बिळापासून किती अंतरावर त्यांची गाठ पडेल? येथे झेप, वेग, बीळ यांतील एकही गोष्ट काढता येत नाही. साप जितका सरपटतो तितकीच मोराची झेप, ही कथेतील घटनाच समीकरण आहे. उत्तर बारा हात. साप पंधरा हात चाललेला असतो आणि मोराची झेपही पंधरा हातांचीच असते. वाऱ्याने कललेल्या कमळावरून तळ्याची खोली काढण्याचे आणि शंभर हात उंच झाडावरच्या दोन माकडांचे उदाहरणही याच जातीचे. कथा समजली नाही तर कोडे सुटत नाही, आणि कोडे सुटले नाही तर कथा पुरी होत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या मते, कथाप्रधान खेळाची पारख करण्यास याहून चांगली कसोटी मिळणे कठीण. खेळातील कथा बाजूला काढून पाहावी. राक्षस मारण्याची कृती तशीच्या तशी उरत असेल, तर कथा केवळ वेष्टन आहे असे समजावे. खेळाडूने कोणाचे ऐकले, कोणावर विश्वास ठेवला, कोणाला सोडून दिले यावर पुढील घटना अवलंबून असतील, तर तेथे मोर आणि साप आहेत. पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट रेड या संस्थेचा २०१५ चा ‘द विचर ३’ या कसोटीला बराचसा उतरतो. त्यात नायक जिला शोधत असतो त्या सिरी या मुलीशी तो कसा वागतो यावर तिचे भवितव्य ठरते. मुख्य कथेलाच पन्नास तासांच्या आसपास लागतात, आणि खेळ प्रौढांसाठीचा आहे. अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती तो देऊ नये, हे आधी सांगितलेले बरे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा थोडा वेगळ्या घडणीचा, साहसाकडे झुकणारा खेळ. हरवलेल्या भावाला शोधत निघालेली राजी, तिच्या पाठीशी दुर्गा आणि विष्णू, राजस्थानी वाड्यांसारखी देखणी दृश्ये. त्याची कथा मात्र सरळ रेषेत जाते, तिला वळण देण्याचा अधिकार खेळणाऱ्याला नाही. येथे अर्जुनाचे बाण आहेत असे म्हणता येईल. पाच-सहा तासांत तो संपतो, तेव्हा सुट्टीतील दोन संध्याकाळी त्याला द्यायला हरकत नाही. पन्नास तास मागणाऱ्या खेळाकडून मात्र अपेक्षा मोठी ठेवावी.

वडीलधाऱ्यांच्या मनातील धास्ती मात्र वेगळीच असते. मूल एखाद्या यंत्रात डोके घालून बसते आणि आयुष्यातील वेळ निघून जाते, ही ती धास्ती. योगायोग असा की, लीलावतीची प्रसिद्ध दंतकथा नेमकी हीच आहे. अकबराच्या आज्ञेवरून फैजीने १५८७ मध्ये ‘लीलावती’चे फारसी भाषांतर केले, त्यात ती येते. लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या. तिच्या पत्रिकेत विवाहयोग नव्हता. पित्याने मोठ्या प्रयासाने एक मुहूर्त शोधला आणि तो चुकू नये म्हणून घटिकापात्र पाण्यात सोडले. भोक असलेले ते पात्र भरून बुडाले की मुहूर्त झाला असे समजायचे. मुलगी कुतूहलाने पात्रावर वाकून पाहू लागली, तिच्या वस्त्रावरील एक मोती निसटून आत पडला, छिद्र बुजले आणि मुहूर्त टळून गेला. तेव्हा चिरकाल टिकेल असा ग्रंथ तुझ्या नावाने करीन, असे पित्याने तिचे सांत्वन केले म्हणतात.

कथा हृद्य आहे, पण तिला आधार नाही. भास्कराचार्यांच्या ग्रंथांत ती कोठेही नाही आणि शिलालेखातही कन्येचा उल्लेख नाही. ‘लीलावती’तील संबोधनेही एकाच व्यक्तीला उद्देशून वाटत नाहीत. कधी बाले, कधी सखे, कधी कांते, कधी मित्र, कधी वाणी. कन्येला कोणी कांता म्हणत नाही. तेव्हा ज्याने पोथी उघडली त्याला हरघडी नवी भूमिका दिली जात होती, असे मानणेच अधिक सयुक्तिक. तरीही चारशेहून अधिक वर्षे लोकांना ती दंतकथाच आठवते. यंत्रावर वाकलेल्या त्या मुलीला कथेतील पित्याने रागे भरले नाही, तिला तिच्या कुतूहलाच्या तोलाचे काहीतरी दिले, एवढे मात्र लक्षात ठेवण्यासारखे.

प्रत्यक्षातील भास्कराचार्यांची झेप कोड्यांपुरती नव्हती. ‘बीजगणिता’त त्यांनी चक्रवाल पद्धतीने असा वर्ग शोधून दाखवला की, त्याला एकसष्टाने गुणून एक मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्गच यावा. त्याचे लहानात लहान उत्तर २२,६१,५३,९८० या संख्येचा वर्ग, आणि येणारा वर्ग १,७६,६३,१९,०४९ चा. हाच प्रश्न फ्रान्समध्ये फर्माने आव्हान म्हणून घातला तो १६५७ मध्ये, म्हणजे पाचशे वर्षांनी. ग्रहांची क्षणाक्षणाची गती कशी काढावी याचाही विचार त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’त केला. ग्रंथावर टीकाही स्वतःच लिहिली. इ.स. ११८३ मध्ये, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, ‘करणकुतूहल’ हा पंचांगकर्त्यांच्या नित्य उपयोगाचा ग्रंथ त्यांनी रचला. त्यानंतरचे त्यांचे लेखन उपलब्ध नाही.

पुत्र लक्ष्मीधर. त्याची कीर्ती ऐकून यादव राजा जैत्रपाल याने त्याला या नगरातून नेले आणि पंडितांचा अग्रणी केले, असे पाटण्याचा लेख सांगतो. या नगरातून, हे शब्द पाटण्याच्या बाजूने बोलतात. लक्ष्मीधराचा पुत्र चांगदेव हा सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी झाला. आजोबांचे आणि घराण्यातील इतरांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणे येथे मठ स्थापन केला. हा लेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. तो शके ११२८ चा, म्हणजे इ.स. १२०६-०७ च्या सुमाराचा. खानदेशावर तेव्हा यादवांचे मांडलिक निकुंभ राज्य करीत होते आणि त्यांच्यापैकी सोइदेवाने मठाला दान दिले.

लेखाचा बहुतेक भाग संस्कृतात आहे; शेवटच्या काही ओळी मात्र जुन्या मराठीत. गावाने मठाला काय द्यायचे हे गावाला कळेल अशा भाषेत तेथे लिहिले आहे. बाजारात गिऱ्हाइकाकडून व्यवहारामागे एक लहानसा हिस्सा, आणि जितके घाणे चालतील त्या प्रत्येकाकडून पळीभर तेल.